कविता कशासाठी? मम्मटाची यादी आणि जात्यावरची ओवी

माणूस साहित्य का निर्माण करतो, कला का निर्माण करतो, हा आजचा प्रश्न. प्रश्न जुना आहे आणि त्याला उत्तरंही भरपूर मिळालेली आहेत. आज आपण आणखी एका उत्तराची भर घालण्याआधी, आहेत ती उत्तरं एका कसोटीवर घासून पाहू. ही कसोटी म्हणजे जात्यावरची ओवी. कालिदास किंवा शेक्सपिअर घेतला तर बहुतेक सगळी उत्तरं बरोबर ठरतात. ओवीपुढे मात्र त्यांना नीट उभं राहावं लागतं.

सुरुवात मम्मटापासून करू. अकराव्या शतकातला हा काश्मिरी पंडित. 'काव्यप्रकाशा'त त्याने काव्याची सहा प्रयोजनं सांगितली: यश, धन, व्यवहाराचं ज्ञान, अमंगलाचं निवारण, तत्काळ मिळणारा परम आनंद, आणि प्रिय पत्नीने गोडीने समजवावं तसा उपदेश. या यादीत धन उघडपणे आहे, हे आम्हांला नेहमीच आवडत आलं आहे. उगाच सोवळेपणा नाही. उदाहरणंही तो रोखठोक देतो. यशासाठी कालिदास, श्रीहर्षाकडून धन मिळवणारा धावक, आणि सूर्याची स्तुती करून संकटातून सुटलेला मयूर.

आता ही यादी घेऊन भल्या पहाटे दळायला बसलेल्या बाईकडे जाऊ. एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे जात्यात घालायचे आणि तोंडाने ओवी. समोर असलीच तर जाऊ किंवा शेजारीण. यश? ओवी कोणाची, हे सहसा कोणी विचारत नाही. धन? प्रश्नच नाही. व्यवहारज्ञान आणि उपदेश हे तर वाचणाऱ्याचे लाभ, रचणाऱ्याचे नव्हेत. इथेच मम्मटाच्या यादीतली गफलत दिसते. 'काव्य का रचलं जातं' आणि 'काव्याचा उपयोग काय' हे दोन प्रश्न त्याने एकाच दोऱ्यात ओवले आहेत. शिवाय ही यादी राजदरबार गृहीत धरते. कवी आहे, आश्रयदाता आहे, रसिक आहेत. जात्यापाशी यांतलं कोणी नाही.

यावर कोणी म्हणेल, साहेब, सोपं आहे, कष्ट हलके व्हावेत म्हणून गातात. हे खरं आहे, पण अपुरं आहे. हाताला ठेका हवा असेल तर नुसतं गुणगुणणं पुरतं. त्यासाठी सीतेचा वनवास कशाला लागतो? माहेरचा भाऊ, पंढरीचा विठ्ठल, आईची आठवण कशाला लागते? श्रमामुळे लय का आली ते कळतं, शब्द का आले ते कळत नाही.

मग पाश्चात्त्यांकडे वळू. टॉलस्टॉय म्हणतो की कला म्हणजे भावनेचा संसर्ग. एकाने अनुभवलेली भावना दुसऱ्यात जाणीवपूर्वक संक्रमित करणं. पण घर झोपलेलं असताना एकटीच दळणारी बाई संसर्ग कोणाला करते? कॉलिंगवूड १९३८च्या 'प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट'मध्ये जास्त खोल जातो. त्याच्या मते कलावंताला आपली भावना आधी माहीतच नसते. नुसती अस्वस्थता असते. व्यक्त करता करता ती काय आहे हे त्याला उमगतं. हे आपल्याला पटण्यासारखं आहे. अडचण एवढीच की कॉलिंगवूडची भावना एकमेव असते, एका व्यक्तीची, पूर्वी कधीच न सांगितलेली. ओवी मात्र निम्मी आयती असते. चाल आयती, सुरुवात आयती, कित्येकदा अख्खी ओवीच आजीकडून आलेली. तरी ती गाताना बाई स्वतःचंच सांगत असते. आयत्या शब्दांत स्वतःचं कसं सांगता येतं?

उत्तराचा धागा आपल्याच परंपरेत आहे, पण मम्मटाच्या यादीत नाही. क्रौंचवधाच्या प्रसंगी शोकाचा श्लोक झाला असं आनंदवर्धन सांगतो. अभिनवगुप्त लगेच बजावतो की तो मुनींचा खासगी शोक समजू नका. मुनी स्वतःच दुःखात बुडाले असते तर रचना झालीच नसती. भावना 'माझी' किंवा 'त्याची' या कप्प्यांतून सुटते, या प्रक्रियेला आपण साधारणीकरण म्हणतो. शास्त्रकारांनी त्याचा विस्तार मुख्यतः रसिकाच्या बाजूने केला. आमचं म्हणणं असं, की ओवीत ते आधी रचणारीच्या मनात घडतं.

बघा, सासरच्या जाचाने बाई रडायला लागली तर जातं थांबतं. तिने सीतेची ओवी धरली तर जातं चालू राहतं. दुःख तेच आहे, पण आता त्याला नाव मिळालं, मोजमाप मिळालं, आणि ते आपल्या एकटीचं नाही हे कळलं. त्याच्याकडे जरा अंतरावरून पाहता आलं. माणूस कला निर्माण करतो तो मन मोकळं करायला, असं आपण सहज म्हणून जातो. मन तर रडूनही मोकळं होतं. कलेने ते मोकळं होतं आणि शिवाय दुसऱ्याला बसायला जागा होते. समोरची जाऊ पुढची ओवी उचलते, ती याच जागेवरून.

बहिणाबाई चौधरींचं (१८८०–१९५१) उदाहरण घ्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या रचत गेल्या. चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ते शब्द कागदावर आले. संग्रह निघाला १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. तोवर बहिणाबाई गेल्या होत्या. यश हे त्यांच्या कवितेचं फळ आहे, कारण नव्हे. आणि टिपून घेणारा मुलगा नसता तर? कविता तरीही झालीच असती. आपल्याला ती मिळाली नसती, एवढंच.

हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या गोळा झाल्या. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली. बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. जात्यासाठी गळे काढायचं आपल्याला काही कारण नाही. पण कला ही केवळ आतली ऊर्मी असती तर जातं गेल्याने तिचं काहीच बिघडलं नसतं. बिघडलं ते असं, की पहाटेचा तो वेळ गेला, समोरची सोबतीण गेली. ऊर्मीला जागा आणि सोबतही लागते.

आणि विद्यापीठांत आपण या लाखभर ओव्यांचं काय करतो? त्यांना 'लोकसाहित्य' या वेगळ्या पेपरात बसवतो आणि काव्यशास्त्राचे सिद्धांत मात्र दरबारी कवींवरून शिकवतो. आम्हीही तोच अभ्यासक्रम वर्षानुवर्षं शिकवला. माणूस कला का निर्माण करतो हे ठरवताना, ज्यांना कलेतून काहीच मिळणार नव्हतं आणि तरीही ज्यांनी ती केली, त्यांची साक्ष आधी काढायला हवी. मम्मटाची सहा प्रयोजनं त्यानंतर शिकवावीत, असं आमचं मत आहे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.