भुताने सांगितलेले खरे

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले भूत पहिल्याच प्रवेशात येते. पण मला त्याहून भयंकर वाटते ती दुसऱ्या अंकाच्या अखेरच्या स्वगतातली एक शंका. नटमंडळी नुकतीच आत गेली आहेत. काकाने माझा खून केला, त्याचा सूड घे, असे मेलेल्या वडिलांच्या रूपातल्या त्या भुताने सांगितलेले; तो अजून घेतला नाही म्हणून हॅम्लेट स्वतःला शिव्यांची लाखोली वाहतो आणि मध्येच थबकतो. तटावर दिसले ते वडीलच कशावरून? सैतानाला हवे ते रूप घेता येते. त्यातून आपण दुबळे, विषण्ण. अशा मनांवर तर त्याची सत्ता फार. आपल्याला नरकात लोटायलाच त्याने हे सोंग घेतले नसेल ना?

आजचा वाचक चटकन म्हणतो, पोराला नैराश्य आले आहे, भूतबीत काही नाही. पण १६०० च्या सुमारास लंडनच्या नाट्यगृहात बसलेल्याला दोन्हींतून एक निवडण्याची गरज नव्हती. अंगात काळे पित्त वाढले की मन झाकोळते, असे वैद्य सांगत. असे झाकोळलेले मनच सैतान हाताशी धरतो, असे धर्मपंडित सांगत. म्हणजे वैद्याच्या निदानाने सैतान हद्दपार होत नसे. उलट तो कुठल्या दाराने शिरला ते कळे. रॉबर्ट बर्टन या विद्वान पाद्र्याने १६२१ मध्ये विषण्णतेवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पित्ताच्या बरोबरीने पिशाच्चांनाही ऐसपैस जागा आहे.

तेव्हा हॅम्लेटची शंका हा वेडाचा झटका नाही, शिकलेल्या मुलाची सावधगिरी आहे. तो ल्यूथरच्या विटेनबर्गचा विद्यार्थी. भूत सांगते, पापे जळून जाईपर्यंत मी आगीत होरपळतो आहे. पण मृत्यूनंतरची ही शुद्धीची आग प्रॉटेस्टंटांनी नाकारलेली, इंग्लंडच्या चर्चनेही. मग ‘वडील’ आले तरी कुठून?

यावर हॅम्लेट उपाय काढतो तो अस्सल नाटकवेड्याचा. खुनाचा प्रसंग काकासमोर रंगवायचा आणि त्याचा चेहरा निरखायचा. काका हादरतो, उठून जातो. हॅम्लेट हर्षाने बेभान होतो : भुताचा शब्द खरा!

शेक्सपिअरची खरी करामत मला इथे दिसते. सिद्ध झाले ते एवढेच की बातमी खरी होती. ती आणणारा कोण, हा मूळ प्रश्न जागच्या जागी आहे. सैतान खरे बोलूनही माणसाला बुडवतो, ही त्या काळची सर्वपरिचित धास्ती. पुढे ‘मॅकबेथ’मध्ये बँको ती बोलूनही दाखवतो. हॅम्लेटला मात्र तिचा विसर पडतो, आणि नाटककार त्याला आठवण करून देत नाही.

लगेच पुढे काका गुडघे टेकून प्रार्थना करताना सापडतो, एकटा, पाठमोरा. हॅम्लेट तलवार उपसतो आणि पुन्हा म्यान करतो. दया आली म्हणून नाही. आत्ता मारला तर हा स्वर्गात जाईल. पापात बुडालेला असताना गाठू, म्हणजे थेट नरकात जाईल, असा त्याचा हिशेब. भुताने सूड मागितला होता, काकाच्या आत्म्याचा नरकवास मागितला नव्हता. ही भर हॅम्लेटची स्वतःची, की आणखी कोणी त्याच्या कानाशी लागले होते?