वाडा नेमका कुणाचा?

मंगळवार पेठेत बोलताना ‘वाडा’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणून थेट नाटकाकडे येतो. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. तात्याजी गेलेत, मुंबईचा सुधीर गावी आलाय, तेराव्याच्या खर्चावरून घरात कुरबूर चाललीय आणि दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय. नाटक संपतं तेव्हा प्रेक्षक हळहळतो. माझा प्रश्न एवढाच, की तो नेमकं कशासाठी हळहळतो?

जरा लांबचं उदाहरण घेऊ. इंग्लंडमध्ये श्रॉपशर भागात स्टोकसे नावाचं जुनं जमीनदारी घर आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्यानं ते बांधलं. आज लोक तिथलं उंच लाकडी छत बघून थक्क होतात. पण त्या काळी अशा घरांच्या मोठ्या दालनात जमीनदाराची कचेरी भरायची, आणि बांधील कुळं आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतात राबायची. १३४८ च्या प्लेगनंतर माणसं कमी पडली, मजुरी वाढली, पुढे ती व्यवस्था ढासळली. छत मात्र राहिलं!

आपल्याकडं उलट क्रमानं बघा. देशपांडे हे आधी आडनाव नव्हे, ते परगण्याच्या हिशेबाचं वतन. गावपातळीवर तेच काम कुलकर्ण्यांचं. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. एकही चिरा हलला नाही, पण वाड्याखालची जमीन सरकली.

एलकुंचवारांचा वाडा विदर्भातला, पण दुखणं हेच. नाटकाची मर्यादा मला इथं दिसते. ज्यांच्या घामावर वाडा उभा राहिला, ती कुळं रंगमंचावर कधी येतच नाहीत. त्यामुळं ऱ्हास हा घराण्याच्या नशिबाचा भाग वाटायला लागतो.

पण लेखक प्रामाणिक आहे. बाहेरची राबणूक त्यानं दाखवली नाही, तरी आतली दाखवली. चंदू घरचाच मुलगा, राबतो गड्यासारखा. प्रभाला शिकायचं होतं, घराण्याच्या इभ्रतीपायी तिला घरात बसवलं. म्हणजे कुळं सुटली तरी वाड्याला कुणीतरी कूळ लागतंच. ते तो घरातून शोधतो.

तेव्हा हळहळायचंच असेल, तर प्रभासाठी हळहळूया. चिऱ्यांचं काय, ते पडतील नाहीतर राहतील.