गटारांचं कर्ज : सार्वजनिक खरेदीत आपण नेमकं काय तपासतो?

सरकारी खरेदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठेकेदार येतो. रस्त्याचं काम, पाइपांचा पुरवठा, शाळेची बाकं, आणि मग ती टक्केवारी. जिल्हा परिषदेच्या बातम्या वाचणाऱ्या कोणालाही ‘कामाचे तुकडे पाडले’ याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ठरावीक रकमेच्या वर गेलं की ई-निविदा काढावी लागते, म्हणून एका कामाची चार कामं करायची. ही नजर आपल्याकडे आहे, आणि ती असायलाच हवी. पण ती पुरत नाही, असं मला आज म्हणायचं आहे. एखाद्या स्थानिक संस्थेची सर्वांत महाग खरेदी अशा जागी होऊ शकते, जिथे आपण काही विकत घेतो आहोत असं सभागृहातल्या कोणाला वाटतही नाही.

यासाठी मी उदाहरण घेतो ते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जेफरसन काउंटीचं. बर्मिंगहॅम शहर याच काउंटीत येतं. हेच उदाहरण का? कारण इथला व्यवहार पुढे फौजदारी न्यायालयात, बाजार-नियामकाकडे आणि दिवाळखोरी न्यायालयात, असा तीन ठिकाणी तपासला गेला. कागद बाहेर आले. आपल्याकडे एवढं सगळं एका प्रकरणात उघडं झालेलं क्वचितच सापडतं.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण कारभार निवडून आलेल्यांच्या हातात. जेफरसनमध्ये पाच कमिशनर. हे पाच जण मिळून ठराव करायचे आणि त्यांच्यातलाच एकेक जण एकेक खातं सांभाळायचा. ज्यानं खर्च मागायचा, त्यानंच मंजुरीलाही हात वर करायचा. व्यावसायिक काउंटी-व्यवस्थापक नेमला गेला तो थेट २०११ साली, म्हणजे घर जळून गेल्यावर.

सुरुवात मात्र एका चांगल्या गोष्टीपासून झाली, हे विसरू नका. जोराचा पाऊस आला की इथली जुनी गटारं तुंबायची आणि मैला कहाबा आणि ब्लॅक वॉरियर या नद्यांत जायचा. १९९३ मध्ये नागरिकांनी दावा लावला, केंद्राची पर्यावरण संस्था त्यात आली, आणि १९९६ साली काउंटीनं न्यायालयापुढे लेखी कबूल केलं की आम्ही ही यंत्रणा दुरुस्त करू. आसपासच्या छोट्या नगरपालिकांची गटारंही काउंटीनं आपल्याकडे घेतली. कामं निघाली, कर्ज काढलं गेलं, आणि ते वाढत वाढत सुमारे ३२० कोटी डॉलरपर्यंत पोचलं.

पहिला भ्रष्टाचार झाला तो आपल्या ओळखीचा. गटारांच्या ठेकेदारांनी कमिशनरांना आणि अधिकाऱ्यांना लाच दिली. शिक्षा झालेल्यांत ख्रिस मॅकनेअर होते. हे नाव ऐकून मला अजूनही थबकायला होतं. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला, त्यात चार मुली गेल्या. त्यांतल्या डेनिसचे हे वडील. ठेकेदारांनी त्यांच्या फोटो स्टुडिओचं नूतनीकरण करून दिलं होतं. चांगली माणसं निवडून द्या म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांनी या माणसाचं चरित्र जरूर पाहावं.

पण पाइपांच्या कामातल्या या लाचेनं काउंटी बुडाली नाही. ती बुडाली दुसऱ्या खरेदीनं.

२००२ आणि २००३ मध्ये काउंटीनं आपलं बरंचसं कर्ज फिरवलं. ठरलेल्या व्याजाचे रोखे गेले, बदलत्या व्याजाचे आले, कारण ते त्या क्षणी स्वस्त होते. उद्या व्याज वाढलं तर? त्यावर उपाय म्हणून बँकांशी ‘स्वॅप’चे करार झाले. स्वॅप म्हणजे, सोप्या भाषेत, व्याजाची अदलाबदल. काउंटीनं बँकेला ठरलेल्या दरानं पैसे द्यायचे, बँकेनं काउंटीला बाजारातल्या बदलत्या दरानं द्यायचे. काउंटीनं ते पैसे रोखेधारकांना द्यायचे. कागदावर हिशेब बरोबर जुळतो. मेख अशी की बँक ज्या दरानं देणार तो एक दर, आणि रोखेधारक ज्या दरानं मागणार तो दुसरा. हे दोन्ही सोबत चालतील अशी नुसती आशा होती.

२००८ मध्ये ती आशा संपली. या रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांची पत घसरली, रोख्यांच्या लिलावाला गिऱ्हाईक मिळेना, आणि काही रोख्यांवरचं व्याज दहा टक्क्यांच्या घरात गेलं. त्याच वेळी बाजारातला मूळ दर उतरत होता, म्हणून बँकेकडून येणारी रक्कम कमी होत गेली. आणि करारातून बाहेर पडायचं तर त्याचे वेगळे पैसे.

आता ही खरेदी झाली कशी ते बघा. बँक निवडण्यासाठी स्पर्धा झालीच नाही. पाइप घ्यायचे तर निविदा, पण बँकर, वकील, सल्लागार घ्यायचे तर ‘व्यावसायिक सेवा’, त्यांना सर्वांत कमी दराचा नियम लागू नाही. यामागचा विचार मूर्खपणाचा नाही. शस्त्रक्रियेसाठी सर्जन निवडताना आपणही सर्वांत स्वस्त कोण ते पाहत नाही. पण सवलत द्यायची म्हणजे तिथे दुसरी कुठली तरी चाळणी लावायला हवी होती, ती लावली नाही. बाजार-नियामकाचं म्हणणं असं की जे. पी. मॉर्गननं कमिशनरांच्या जवळच्या मित्रांच्या संस्थांना ८० लाख डॉलरहून जास्त रक्कम न सांगता पोचवली. आणि हा धंदा आपल्याकडेच राहावा म्हणून गोल्डमन सॅक्सला ३० लाख डॉलर देऊन बाजूला केलं. हा खर्च मग काउंटीच्या स्वॅपच्या व्याजदरात मिसळून टाकला. नोव्हेंबर २००९ मध्ये बँकेनं आरोप मान्य किंवा अमान्य न करता तडजोड केली. ५ कोटी डॉलर काउंटीला, २.५ कोटी दंड, आणि करार मोडण्यापोटी मागितलेले ६४.७ कोटी डॉलर सोडून दिले.

‘व्याजदरात मिसळून टाकला’ या शब्दांवर जरा थांबू या. ही रक्कम अंदाजपत्रकात कुठे दिसणार? ‘मित्रांना वाटप’ असा लेखाशीर्ष नसतो. ‘सल्लागार शुल्क’ या शीर्षाखालीही ती नव्हती. ती व्याज होऊन आली, आणि व्याज म्हटलं की लेखापरीक्षकसुद्धा मान डोलावून पुढचं पान उलटतो. दर कळल्याशिवाय खरेदी करू नये हे आपण मंडईत पाळतो. इथे दर कोणाला विचारायचा, हेच ठाऊक नव्हतं.

त्या काळात कमिशनचे अध्यक्ष होते लॅरी लँगफर्ड. पुढे ते बर्मिंगहॅमचे महापौर झाले, आणि २००९ मध्ये साठ आरोपांवर दोषी ठरले. रोख रक्कम, कपडे, घड्याळं मिळून सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरची लाच. ज्या मध्यस्थ बँकरनं ती दिली, त्याला या व्यवहारांतून ७० लाखांहून अधिक शुल्क मिळालं. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवा: लाच २ लाख ३५ हजार, शुल्क ७० लाख, नुसता करार मोडायची किंमत ६४ कोटी ७० लाख. आपण सगळे पहिल्या आकड्याभोवती फिरत बसतो. वर्तमानपत्रांना त्यात घड्याळं सापडतात, कपडे सापडतात.

इथे कौटिल्याचा तो पाण्यातल्या माशाचा दृष्टान्त हमखास काढला जातो. निदान या विषयावरच्या भाषणांत तरी त्याला आता सुट्टी द्यावी, असं माझं मत झालं आहे. त्या दृष्टान्तानं आपण माशाच्या तोंडाकडे बघत राहतो. जेफरसनमध्ये तळ्याचा बांधच फुटला होता.

बरं, मग तत्त्वज्ञानाकडून इथे काही मिळतं का? कांटनं १७९५ च्या ‘शाश्वत शांतते’वरच्या निबंधात एक कसोटी दिली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंधित जे धोरण उघडपणे सांगता येत नाही, ते अन्यायाचं. प्रतिस्पर्ध्याला पैसे देऊन घरी बसवणं या कसोटीवर तात्काळ नापास होतं. पण मूळ स्वॅपचं काय? ते ठराव सार्वजनिक कामकाजातूनच झाले. दार उघडं होतं, कोणीही आत येऊन बसू शकत होता. बसला असता तरी काय कळलं असतं? अॅरिस्टॉटलनं ‘राज्यशास्त्रा’त सुचवलं आहे की सार्वजनिक पैसा सगळ्यांच्या देखत हाती सोपवावा आणि हिशेबाच्या प्रती नागरिकांच्या वेगवेगळ्या गटांकडे ठेवाव्यात. सूचना उत्तम आहे. तिच्यात गृहीत धरलेलं आहे की पैसा मोजता येतो, आणि तो पाहणाऱ्या प्रत्येकाला मोजता येतो. तीस वर्षांच्या स्वॅपच्या प्रती तुम्ही गावातल्या प्रत्येक मंडळात ठेवल्यात तरी हिशेब कोणाला लागणार नाही. माझा आक्षेप इथे आहे. पारदर्शकतेबद्दल आपण जे बोलतो ते बहुधा दार उघडं असण्यापुरतं असतं. ज्या गोष्टीची किंमत सभागृह कोणत्याही स्वतंत्र माणसाकडून पडताळून घेऊ शकत नाही, ती विकत घेण्याचा अधिकार त्या सभागृहाला असावा का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. अंदाजपत्रक वर्षाचं असतं, कर्ज पिढ्यांचं. आजचा हप्ता कमी झाला की यंदाचं बजेट सुंदर दिसतं, आणि कमिशनरची मुदत असते चार वर्षं. सगळे भामटे नव्हते, एवढं लक्षात ठेवा. दर वर्षी ताळेबंद जुळवायची सक्ती, आणि कर वाढवायला मात्र मोकळीक नाही. अलाबामाच्या तेव्हाच्या १९०१ च्या राज्यघटनेनं काउंटीच्या हातात फारसं काही ठेवलं नव्हतं, साधा नवा कर बसवायचा तरी राज्याच्या विधिमंडळाकडे जावं लागायचं. काउंटीचा नोकरी-व्यवसायावरचा कर २०११ मध्ये न्यायालयात कायमचा गेला, तेव्हा तिची उरलीसुरली कंबरही मोडली. ९ नोव्हेंबर २०११ ला काउंटीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, सुमारे ४२० कोटी डॉलरच्या देण्यासह. २०१३ मध्ये डेट्रॉइटनं अर्ज करेपर्यंत अमेरिकेतल्या स्थानिक संस्थेची ही सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

भोगलं कोणी? कर्मचारी कमी झाले. गरिबांसाठी असलेल्या कूपर ग्रीन या काउंटी रुग्णालयातला आंतररुग्ण विभाग २०१२ च्या अखेरीस बंद झाला. गटाराचं बिल दहा-बारा वर्षांत सुमारे चौपट झालं होतं.

आपल्याकडचा एक धागा इथे जोडतो, फार ताणत नाही. पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजानं. हे ठरलेल्या व्याजाचे साधे रोखे आहेत, जेफरसनसारखं त्यात काही नाही. म्हणून तर प्रश्न आत्ताच विचारावा. तेव्हा टाळ्या पडल्या त्या शेअर बाजारात घंटा वाजली म्हणून. उद्या एखादा सल्लागार याहून ‘स्वस्त’ काही घेऊन आला, तर आपल्या स्थायी समितीत त्याला उलट प्रश्न विचारणारा कोण असेल? निविदेच्या दरात एक टक्का कमी-जास्त झाला की तिथे गोंधळ होतो, तो व्हावाच. सल्लागाराच्या कागदावर मात्र पाच मिनिटांत सही होते.

जेफरसनचं पुढे काय झालं ते सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळखोरीतून बाहेर आली, कर्जाचा काही भाग सावकारांनी सोडला, आणि सुमारे १७८ कोटी डॉलरचे नवे रोखे निघाले. त्यांच्या हमीसाठी ठरलं की गटाराचे दर पहिली चार वर्षं दरसाल ७.४१ टक्के आणि त्यानंतर दरसाल ३.४९ टक्के वाढतील, चाळीस वर्षांच्या हिशेबानं. त्यात न्यायालयाच्या देखरेखीची तरतूदही होती, म्हणजे उद्या निवडून येणाऱ्या कमिशनला मनात आलं तरी दर सहज रोखता येऊ नयेत. काही बिल भरणाऱ्या नागरिकांनी याविरुद्ध अपील केलं. भ्रष्टाचारातून आलेलं कर्ज आम्ही का फेडायचं, आणि आमच्या पुढच्या प्रतिनिधींचे हात आजच का बांधायचे, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयानं ते फेटाळलं. त्यांनी वेळेत स्थगिती मागितली नव्हती, रोखे केव्हाच विकले गेले होते, आणि आता ते उलटवता येणार नाहीत, असं कारण दिलं. भ्रष्टाचाराच्या मूळ प्रश्नाचा निकाल त्या अपिलात लागलाच नाही.