थेऊरची रमा आणि वाड्यातल्या इतर स्त्रिया

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) मी आजवर चार वेळा वाचली. दर वेळी शेवटच्या पानांशी डोळे भरून येतात आणि पुस्तक मिटल्यावर त्या रडण्याचा थोडा रागही येतो. रमाबाईंविषयी माझे मन एकदिलाने बोलत नाही.

सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे मिळालेला, चुलत्याशी, हैदरअलीशी आणि पुढे क्षयाशी झुंजणारा माधवराव आपल्याला माणूस म्हणून कळतो तो रमेच्या सहवासात. इतर ठिकाणी तो करारी पेशवा. तिच्याजवळ थकलेला तरुण. ही देसाईंची किमया मोठी आहे. पण तो मोहिमेवर असताना तिचे दिवस कसे जातात, तिला स्वतःला काय हवे आहे, याचा पत्ता फारसा लागत नाही. ती त्याच्यावर पडलेला उजेड आहे. त्यामुळे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले, की तिच्या सती जाण्याला कादंबरीत वेगळे कारण द्यावेच लागत नाही. इतके प्रेम, तर शेवट असाच, हे वाचक आधीच मान्य करून बसलेला असतो.

माझी अडचण इथे आहे. पेशव्यांच्या घरात हा शेवट अटळ नव्हता. बाळाजी विश्वनाथांच्या मागे राधाबाई तेहतीस वर्षे जगल्या, १७३५ मध्ये काशीयात्रेलाही गेल्या. बाजीरावांच्या मागे काशीबाई राहिल्या. खुद्द रमाबाईंच्या सासूबाई गोपिकाबाई तेव्हा हयात होत्या. पुढे नातवाला, सवाई माधवरावांना, कसे वागावे हे त्यांनी लिहून कळवले. पार्वतीबाई तर भाऊसाहेब पानिपतावर पडले हे न मानता जगत राहिल्या. चिमाजीआप्पांच्या अन्नपूर्णाबाई सती गेल्या, हेही खरे. म्हणजे त्या घराला दोन्ही वाटा ठाऊक होत्या.

मग रमाबाईंनी ही वाट का धरली? मूलबाळ नव्हते. शनिवारवाड्यात राघोबादादांची सावली होती. वर्षभराच्या आतच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्याच वाड्यात नारायणरावांचा खून झाला. तिच्या निर्णयात प्रेमाइतकाच पुढच्या दिवसांचा धसका असेल का? सतीच्या मनातले दप्तरात उतरत नाही. संशोधकाला तिथे थांबावे लागते. कादंबरीकाराला थांबायचे कारण नव्हते. तरी देसाई थांबले.

१९६२ च्या लेखकाला आजचा जाब विचारू नये, असे मित्र म्हणतात. मान्य. पण ऐंशीच्या दशकात ‘स्वामी’ दूरदर्शनवर आली, रमा घराघरांत लाडकी झाली, आणि त्याच दशकात, १९८७ मध्ये, राजस्थानात देवराला येथे रूपकंवर जळाली. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या शेजारी शेजारीच राहतात.

चौथ्या वाचनात गोपिकाबाई जिथे जिथे येतात, तिथे मी पेन्सिलीने खूण करत गेलो. ही बाई कर्कश वाटते, आवडत नाही. पण तिला स्वतःचे म्हणणे आहे.