बत्तिसाव्या स्तोत्रांतील क्षमा आणि पौलाचा पाठ

इब्री स्तोत्रसंहितेंतील बत्तिसावें स्तोत्र दाविदाच्या नांवावर असून त्यास ‘मस्कील’ असा मथळा आहे. या लहानशा काव्यावर केवढा सिद्धान्त उभारला गेला, हें अभ्यासकांस विदितच आहे. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत त्याच्या आरंभींचा भाग उद्धृत करून, मनुष्य कर्मानें नव्हे तर श्रद्धेनें निर्दोष ठरतो, या मतास आधार घेतला. पुढें लूथरानें तर हें स्तोत्र ‘पौलीय’ स्तोत्रांत गणिलें. तें मत धर्मदृष्ट्या ग्राह्य कीं अग्राह्य, हा आमचा विषय नव्हे. मूळ शब्द तो भार कितपत सोसतात, एवढेंच पाहावयाचें आहे.

कवीनें अपराधास तीन शब्द योजिले आहेत: पेशअ म्हणजे बंड, हटाआ म्हणजे नेम चुकणें, आवोन म्हणजे वांकडेपणा. क्षमेचीं क्रियापदेंही तीन: उचलून नेणें, झांकणें व न गणणें. यांतील तिसरें ‘हाशाब’ हें आपल्या दप्तरी भाषेंतील ‘खातीं धरणें’ यासारखें आहे. लेवीय ग्रंथांत त्याच धातूचीं रूपें जमिनीच्या मोलाच्या हिशेबास लाविलेलीं आढळतात. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत अब्राहामाची श्रद्धा नीतिमत्त्व म्हणून गणली गेली, तेथेंही हाच धातु असून ग्रीक भाषान्तरांतही दोन्ही स्थळीं शब्द एकच आहे. त्या दुव्यानें पौल दोन्ही स्थळें जोडितो. रब्बींच्या अर्थपद्धतींतही ही रीत आहे, व जोड कुशल आहे यांत संशय नाहीं.

परंतु दुसऱ्या वचनाचा अखेरचा चरण पौलानें सोडून दिला आहे. निष्कपट अंतःकरणाची अट त्याच चरणांत आहे. कागदाचा शेवट न छापतां निष्कर्ष काढणाऱ्यांचा आम्हां दप्तरें चाळणाऱ्यांस परिचय आहेच. तथापि पौल येथें संपादक नसून वादी आहे, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. आमच्या मतें तो चरण काव्याचा कणा होय. मौन धरिलें तोंवर कवीचें शरीर झिजलें. मग त्यानें आपला दोष झांकिला नाहीं. क्रियापद तेंच! मनुष्यानें झांकूं नये, म्हणजे देव झांकितो. येथें क्षमेचें द्वार कबुली हें आहे. भरवशाचा शब्द दहाव्या वचनांत येतो खरा, पण तो अब्राहामाच्या कथेंतील शब्दाहून निराळ्या धातूचा आहे.

याहून अडचणीचें स्थळ एकशेंसहावें स्तोत्र. तेथें तोच ‘नीतिमत्त्व म्हणून गणणें’ हा प्रयोग फिनहासाविषयीं आहे, आणि त्याच्या पदरीं श्रद्धा नव्हे, प्रत्यक्ष कृत्य आहे. मग ‘हाशाब’ या शब्दानेंच कर्माचा निरास होतो, असें म्हणतां येत नाहीं.

हस्तलिखितांविषयीं दोन शब्द. इ. स. १००८ च्या सुमाराच्या लेनिनग्राड पोथींत हें स्तोत्र यथास्थित आहे. परंतु १९५२ सालीं कुमरानच्या चौथ्या गुहेंत जे अवशेष मिळाले, त्यांपैकीं दोन प्रतींत एकतिसाव्या स्तोत्रामागून एकदम तेहतिसावें येतें. यावरून बत्तिसावें प्रक्षिप्त म्हणणें उतावीळपणाचें होईल, कारण जुन्या ग्रीक भाषान्तरांत तें आहेच. त्याचें स्थान सर्व प्रतींत सारखें स्थिर नव्हतें, इतकेंच त्यावरून निघतें. तेहतिसाव्यास इब्री पाठांत मथळा नाहीं, ही गोष्टही त्याजबरोबर विचारांत घ्यावी.