च्युबाकाची चाल

विज्ञानपटांतील अभिनयाला समीक्षेत फारसे मानाचे स्थान मिळालेले नाही. चेहरा रबराखाली झाकलेला, आवाज ध्वनियोजकाने घडवलेला, भोवतालचे जग नंतर संगणकावर रंगवलेले, मग नटाचे म्हणून उरते काय, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे खरे उत्तर नट ती भूमिका सोडतो तेव्हा मिळते, कारण त्याच्याबरोबर काय गेले आणि मागे काय राहिले हे तेव्हाच वेगळे काढता येते. त्यासाठी ‘स्टार वॉर्स’मधील च्युबाकाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. १९७७पासून ही भूमिका करणारे पीटर मेह्यू ७ फूट ३ इंच उंच होते आणि निवड झाली तेव्हा लंडनच्या एका रुग्णालयात मदतनीस होते. अंगभर केसाळ पोशाख आणि मुखवटा स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांचा. आवाज बेन बर्ट यांनी अस्वल, वॉलरस अशा प्राण्यांच्या आवाजांतून बांधलेला. भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी आहार्य आणि वाचिक असे दोन इथे परक्या हातांत होते. मेह्यूंचे म्हणावे असे उरले ते शरीर आणि मुखवट्याच्या भोकांतून दिसणारे दोन डोळे.

तेवढ्यावर त्यांनी जे उभे केले त्याकडे नीट पाहायला हवे. भूमिकेच्या तयारीसाठी ते प्राणिसंग्रहालयात जाऊन अस्वले, माकडे, गोरिला कसे वावरतात ते पाहत. त्यातून ती किंचित पुढे झुकलेली, गुडघ्यांत सैल चाल आली, आणि समोरचा बोलत असताना मान कलती करून ऐकण्याची सवय आली. पात्राला मनुष्यवाणीतला एकही शब्द नाही. तरी तो कधी रागावला, कधी घाबरला, कधी मित्राची गंमत करतो आहे, हे प्रेक्षकाला कळते ते खांदे आणि मान यांवरून. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’च्या चित्रीकरणात मेह्यू आजारी पडले तेव्हा त्याच उंचीचा दुसरा माणूस पोशाखात उभा केला, पण त्याची हालचाल जुळेना आणि दृश्ये पुन्हा घ्यावी लागली, असे सांगितले जाते. पोशाख तोच आणि उंची तेवढीच असताना पात्र मात्र हरवले होते. ‘यात नटाचे काय?’ या प्रश्नाला याहून नेमके उत्तर शोधण्याची गरज नाही.

मग मेह्यूंचे गुडघे थकले. २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये त्यांना जमतील ती दृश्ये त्यांनी केली आणि धावपळीची योनास सुओटामो या फिनलंडच्या उंच बास्केटबॉलपटूने. सुओटामोला मेह्यूंनी स्वतः शिकवले, चालण्यापासून. २०१७च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये सुओटामो च्युबाका झाला आणि श्रेयनामावलीत मेह्यूंचे नाव सल्लागार म्हणून आले. नट जिवंत असताना, त्याच्या संमतीने आणि त्याच्याच हातून भूमिका पुढे गेली. मला वाटते, निवृत्तीची हीच रीत या कलेला जिवंत ठेवते, आणि आज चित्रपटउद्योग तिच्यापासून दूर चालला आहे.

दूर म्हणजे कुठे, हे ‘रोग वन’ने (२०१६) दाखवले. मूळ ‘स्टार वॉर्स’मधील नट पीटर कुशिंग १९९४मध्ये वारले होते. या चित्रपटात गाय हेन्री यांच्या अभिनयावर कुशिंग यांचा संगणकीय चेहरा चढवण्यात आला. २०२२च्या ‘ओबी-वॅन केनोबी’ मालिकेत डार्थ व्हेडरचा आवाज जेम्स अर्ल जोन्स यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून युक्रेनमधील रिस्पीचर कंपनीच्या तंत्राने तयार झाला. ‘एलियन: रोम्युलस’मध्ये (२०२४) चार वर्षांपूर्वी निवर्तलेल्या इयन होम यांचा चेहरा परतला. यावर पहिला आक्षेप असा की जोन्स यांनी स्वतः परवानगी दिली होती आणि होम यांच्या कुटुंबाचीही संमती होती, मग तक्रार कशाची? संमती महत्त्वाची आहेच. २०२३मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते तेव्हा डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला हा कळीचा मुद्दा होता, आणि तो त्यांनी लढून मिळवला. पण संमतीने हक्काचा प्रश्न सुटतो, कलेचा सुटत नाही. प्रतिकृती जुन्या मुद्रणांत आहे तेवढेच जाणते. आणि हेन्रींसारख्या कसलेल्या नटाचे यश स्वतः दिसेनासे होण्यात मोजले जाते. कुशिंग यांची भूमिका त्यांना मिळाली, पण ती आपल्या चेहऱ्याने वाचून दाखवण्याची मोकळीक मिळाली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सुओटामोनेही नक्कलच केली ना? सुरुवातीला केलीच, करायलाच हवी होती. परंतु २०१८च्या ‘सोलो’मध्ये तरुण वयातला च्युबाका पाहावा. चिखलाच्या खड्ड्यात साखळदंडाने बांधलेला, उपाशी आणि हिंस्र. चाल ओळखीची आहे, पण तिच्यातला वेग आणि वजन नव्या शरीराचे आहे. याच चित्रपटात हॅन सोलोच्या भूमिकेत हॅरिसन फोर्डच्या जागी आलेला ॲल्डन एरनराइक अनेकांना पटला नाही, हे मान्य करायला हवे. उघड्या चेहऱ्याची भूमिका सोपवणे कितीतरी अवघड असते. तरीही ते अशक्य नाही. १९६६मध्ये प्रकृतीमुळे विल्यम हार्टनेल ‘डॉक्टर हू’मधून बाहेर पडले तेव्हा बीबीसीने त्यांची नक्कल करणारा न शोधता पॅट्रिक ट्राउटनला अगदी वेगळा डॉक्टर रंगवू दिला, आणि ती भूमिका हात बदलत आजवर टिकली. २००९च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये लेनर्ड निमॉय आणि झॅकरी क्विंटो हे दोन स्पॉक समोरासमोर उभे राहिले. निमॉय यांचा स्पॉक शांत, क्विंटोचा आतून धुमसणारा. दोघेही खरे वाटले, कारण एकाला दुसऱ्याचा चेहरा लावावा लागला नाही.

मेह्यू ३० एप्रिल २०१९ रोजी वारले. त्याच वर्षी डिसेंबरात ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ आला आणि त्यात या दोन्ही रीती शेजारी शेजारी दिसतात. कॅरी फिशर २०१६मध्येच गेल्या होत्या, म्हणून त्यांची लेआची भूमिका आधीच्या चित्रपटातील न वापरलेल्या फितींतून जुळवली गेली. तिच्याशी बोलणारी पात्रे तिच्या आधीच ठरलेल्या वाक्यांभोवती आपली वाक्ये बसवताना जाणवतात, आणि फिशर यांच्यावर प्रेम करणाऱ्यालाही ते पाहताना अवघडल्यासारखे होते. पुढे लेआ गेल्याची बातमी येते. सुओटामोचा च्युबाका गुडघ्यांवर कोसळतो आणि मुठींनी जमीन बडवत आक्रोश करतो. जुन्या तीन चित्रपटांत या दृश्याचा नमुना नाही. मेह्यूंनी शिकवलेल्या शरीराने हा शोक स्वतः शोधला आहे.