'रुचिरा'ची वाटी आणि जर्मन ग्रॅम

इकडे येताना बॅग 23 किलोत बसवण्यासाठी काय काय बाहेर काढलंत, आठवतंय? स्वेटर काढला असेल, लोणच्याची बरणी काढली असेल. पण कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' बहुतेकांच्या बॅगेत राहिलं. 1970 साली आलेल्या या पुस्तकाने बाईंना 'एक लाख सुनांची सासू' हे बिरुद मिळवून दिलं. त्या लाखातल्या ज्या सुना (आणि जे जावई!) जर्मनीत येऊन पडले, त्यांच्या ओट्यावर हे पुस्तक कसं टिकतं, हे जरा तपासून पाहू.

इथल्या मराठी घरांत 'रुचिरा'वर एक आक्षेप हमखास ऐकू येतो. मापं वाटी-चमच्याची! कुठली वाटी? आमटीची की तुपाची? त्यापेक्षा जर्मन पुस्तक बरं, सगळं कसं ग्रॅममध्ये. मग वजनकाटा येतो, वाट्या मागच्या कप्प्यात जातात.

मला हा आक्षेप पटत नाही. वाटी हे वजन नाही, प्रमाण आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घ्यायचं असेल, तर वाटी लहान की मोठी याने काही बिघडत नाही. दोन्हीकडे तीच वाटी वापरली की झालं. दोघांच्या स्वयंपाकाचा पाहुण्यांसाठी आठ जणांचा करायचा, तरी हिशोब वहीत मांडावा लागत नाही. आणि जर्मन माणूस तरी नेहमी ग्रॅममध्येच मोजतो असं कुठे आहे? इथल्या बायकांचा 'बेखरकूखन' पाहा. क्रीमचा डबा केकच्या भांड्यात रिकामा करायचा आणि त्याच डब्याने साखर आणि मैदा मोजायचा. ही वाटीच की! डॉ. ओएत्करची बेकिंग पावडरची पुडीसुद्धा अर्ध्या किलो पिठाला एक अशी बेतलेली असते. त्यांचं 'शूलकोखबूख' 1911 चं. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' त्याच्या एकच वर्ष आधी, 1910 साली आलं. दोन्ही पुस्तकं साधारण एकाच काळातली म्हणायची.

म्हणजे पुस्तक इथे अडतं ते मापाशी नाही. अडतं ते मापापुढच्या शब्दाशी. चक्का, रवा, कणीक, तांदळाची पिठी. या शब्दांनी नेमकी कुठली वस्तू घ्यायची, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. इथे दुकानात उभं राहिलं की प्रत्येक शब्दाच्या तीन-चार वस्तू होतात.

रव्याचंच बघा. 'वाइषवाइत्सनग्रीस' आणि 'हार्टवाइत्सनग्रीस' ही पाकिटं शेजारी शेजारी असतात. पहिला रवा मऊ गव्हाचा, दुधात शिजवून लहान मुलांना भरवायचा. त्याचा उपमा केलात तर त्याची पेज होते. दुसरा कठीण गव्हाचा, तो मोकळा राहतो. वाट्या दोन्ही वेळी बरोबरच होत्या.

माझी फजिती श्रीखंडाने केली. पाडव्याला दहा माणसं जेवायला होती. चक्का म्हणून 'मागरक्वार्क' आणला, साखर मोजून घातली. साखरेला पाणी सुटलं आणि दुपारपर्यंत श्रीखंड ओघळायला लागलं. जिभेला खडूसारखं लागत होतं ते वेगळंच. मराठी मंडळी मन राखून म्हणाली, "छान झालंय, अगदी घरच्यासारखं." एकाने वाटी तोंडाला लावून पीयूष म्हणून पिऊन टाकलं. शेजारच्या जर्मन आजी मात्र चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "क्वार्क चुकला. चाळीस टक्क्यांचा घ्यायचा आणि रात्रभर फडक्यात टांगायचा. आमची आई चीजकेकसाठी तसंच करायची."

फडक्यात टांगायचा! आपल्या आज्या दुसरं काय करत होत्या? ते चाळीस टक्के फसवे असतात, हेही मला त्या दिवशी कळलं. तो आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा. सगळ्या डब्याचा हिशोब केला तर स्निग्धांश 11 टक्क्यांच्या आसपास भरतो. पुढच्या खेपेला चाळीसवाला क्वार्क रात्रभर टांगला, पुरणयंत्रातून काढला आणि साखर थोडी थोडी घालत चव पाहिली. श्रीखंड पुरीवर उभं राहिलं.

'रुचिरा'बद्दल माझी तक्रार असलीच तर एवढीच आहे, आणि ती पुस्तकापेक्षा आपल्याबद्दल जास्त आहे. ते पुस्तक ज्या स्वयंपाकघरासाठी लिहिलं गेलं, तिथे ते चोख आहे. आपण स्वयंपाकघर बदललं आणि पुस्तक तेच ठेवलं. पदार्थ फसला की दोष वाटीला दिला. नवा पदार्थ पाहुण्यांपुढे ठेवून त्यांच्याकडून ऐकायचं काय, तर "घरच्यासारखं". ज्या मुलांनी ते घर पाहिलेलंच नाही, त्यांना या शेऱ्याचा काय उपयोग? माझ्या मुलीच्या लेखी श्रीखंड क्वार्कचंच असतं. उद्या ती तिच्या घरी करायला घेईल तेव्हा 'चक्का' या शब्दापाशी अडेल, आणि तेव्हा फोन करायला मी असेनच असं नाही.

म्हणून एक सुचवते. पुढच्या वेळी मित्रमंडळींना जेवायला बोलवाल तेव्हा नवीन काहीतरी करा, आणि खरं काय ते सांगायला लावा. खारट झालं, पीठ चिकट लागलं, आंबट कमी पडलं, सगळं. मग रात्री भांडी आवरून झाली की 'रुचिरा'चं ते पान उघडा आणि समासात पेन्सिलीने लिहा: कुठलं पाकीट, कुठला डबा, किती वेळ टांगलं. माझ्या आईच्या प्रतीत अशाच नोंदी आहेत. एका पानावर नुसतं 'गूळ कमी' एवढंच. माझ्या प्रतीत श्रीखंडाच्या पानावर आता 'क्वार्क, 40 टक्के, रात्रभर' असं लिहिलंय. खाली शेजारच्या आजींचं नाव.